ड्रायव्हर कुठपर्यंत देणार, ते विकतानाच सांगा

महोदय,

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानिमित्ताने आपल्या अंकांत बरंच काही छापून आलं. बहुतेक सल्ला एकाच वळणाचा होता: संगणक जुना असेल तर नवा घ्या, फायली हलवा आणि मोकळे व्हा. संगणकावर पत्रं लिहिणाऱ्याला, चित्रपट पाहणाऱ्याला एवढं पुरतं. पण ज्यांच्या संगणकाच्या मागच्या बाजूला काहीतरी जोडलेलं असतं त्यांनी काय करायचं, याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मी त्या मागच्या बाजूची माणूस आहे, म्हणून हे पत्र.

मी पदार्थांच्या चाचण्या करणाऱ्या एका प्रयोगशाळेत उपकरणांची देखभाल करते. धातूची पट्टी, दोरखंड, प्लास्टिकचा तुकडा तुटेपर्यंत ओढायचा आणि तो किती ताण सोसतो हे मोजायचं, असं एक यंत्र आमच्याकडे आहे. दोन जाड खांब, मधे वर-खाली सरकणारी आडवी तुळई आणि नमुना पकडायला दोन जबडे. बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नाही. स्क्रूंना वंगण द्यायचं, जबड्यांचे दाते झिजले की बदलायचे, ठरलेल्या मुदतीत भारमापकाचं कॅलिब्रेशन करायचं. ते दर वेळी मर्यादेत बसतं. मी निवृत्त झाल्यावरही हे यंत्र असंच उभं असेल. त्याचा जीव मात्र शेजारच्या संगणकात अडकलाय, आणि त्या संगणकातही एका लांबट कार्डात. ते कार्ड आयएसए स्लॉटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या जुन्या पद्धतीच्या लांब खाचेत बसतं. हे स्लॉट नव्या मदरबोर्डांवरून २००० सालच्या आसपासच नाहीसे व्हायला लागले होते.

त्या संगणकाचा मदरबोर्ड गेला तेव्हा कारण उघड दिसत होतं. प्रोसेसरच्या शेजारचे कपॅसिटर वरून फुगले होते, एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट डाग. यंत्र बनवणाऱ्या कंपनीला विचारलं. उत्तर आलं, हे मॉडेल आता सपोर्टमध्ये नाही, नवा कंट्रोलर या सांगाड्याला बसत नाही, तेव्हा नवं यंत्रच घ्या. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! दोन-चार कपॅसिटर गेले म्हणून कित्येक मण पोलाद भंगारात घाला, असा तो सल्ला होता.

आम्ही तो ऐकला नाही. जुन्या सामानातून तसाच एक मदरबोर्ड मिळवला, त्याचेही कपॅसिटर आधीच बदलून घेतले. जुन्या आयडीई डिस्कची जशीच्या तशी प्रत काढली, कारण त्या यंत्राचं सॉफ्टवेअर १६ बिटांचं आहे आणि ६४ बिटांच्या विंडोजवर ते सुरूसुद्धा होत नाही. इथपर्यंतचा खर्च तसा किरकोळ. हिशेबात धरला जातो तोही एवढाच. खरा खर्च यापुढे सुरू होतो. आमच्यासारख्या प्रयोगशाळा ज्या आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकानुसार चालतात, त्यात चाचणीच्या माहितीशी संबंधित प्रणालीत बदल केला की वापरण्याआधी तो तपासून, सिद्ध करून, नोंदवून ठेवावा लागतो. म्हणजे माहीत असलेल्या ताकदीचे नमुने तोडायचे, जुन्या निकालांशी ताडायचे, तफावत आली तर ती यंत्राची की संगणकाची ते शोधायचं आणि या सगळ्याचे कागद करायचे. तोवर ग्राहकांचे नमुने लेबलं लावून ट्रेमध्ये पडून. हा वेळ कुठल्याही बिलात दिसत नाही. तो पगारात, ओव्हरटाइममध्ये आणि ग्राहकाच्या चढलेल्या आवाजात विरून जातो.

हे ऐकून हमखास कुणीतरी म्हणतं, ‘अहो, यूएसबीचा अडॅप्टर लावा की!’ जुन्या सीरियल पोर्टची, म्हणजे संगणकामागच्या नऊ पिनांच्या तोंडाची, उपकरणं यूएसबीला जोडणाऱ्या अडॅप्टरांनी माझा एक खण भरलेला आहे. साध्या कामाला ते चालतात, हे मान्य. वजनकाटा दर मोजणीला एक ओळ पाठवतो, ती ओळ अडॅप्टर बिनतक्रार पोचवतो. पण जुनी पुष्कळ सॉफ्टवेअरं कार्यप्रणालीला मधे न घेता थेट पोर्टच्या चिपशी बोलतात. सीरियल पोर्टचा ठरलेला पत्ता ३एफ८. त्या पत्त्यावर जाऊन ती दार ठोठावतात, आणि यूएसबी अडॅप्टरला असा पत्ताच नसतो. दुसरी भानगड वेळेची. यूएसबी माहिती गठ्ठ्यांनी पाठवतं. बऱ्याच अडॅप्टरांत असणारी एक चिप तर थोडीशी माहिती आली तर आणखी येते का, म्हणून मुळातल्या सेटिंगप्रमाणे १६ मिलिसेकंदांपर्यंत वाट पाहते. आपल्याला तो क्षणही वाटत नाही. पण प्रत्येक प्रश्नाला लगेच उत्तर हवं, नाहीतर ‘संपर्क तुटला’ असं जाहीर करणाऱ्या उपकरणाला तो फार मोठा काळ असतो. तिसरी गंमत म्हणजे काही अडॅप्टर एका खाचेतून काढून शेजारच्या खाचेत लावले की विंडोज त्यांना कॉम ७ म्हणायला लागतं, आणि जुन्या सॉफ्टवेअरच्या यादीत कॉम ४ च्या पुढे काही नसतंच.

यातल्या शेवटच्या दोन्हींवर इलाज आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन पोर्टचा क्रमांक बदलता येतो, ती १६ मिलिसेकंदं कमी करता येतात. पण हे माहीत असलेला माणूस त्या जागी हवा. असा माणूस म्हणजे जुन्या पोर्टचा सगळ्यात महाग सुटा भाग, आणि त्याचं उत्पादनही थांबत चाललंय.

आता एका अडॅप्टरची गोष्ट सविस्तर सांगते. व्यवस्थित चालणारा अडॅप्टर होता. विंडोजचं अपडेट आलं, संगणक पुन्हा सुरू झाला आणि उपकरण मुकं झालं. केबल बदलून पाहिली, उपकरण बंद-चालू केलं, काही नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडला तर पिवळा त्रिकोण, आणि अडॅप्टरच्या नावाच्या जागी इंग्रजीत एक वाक्य: ही चिप २०१२ पासून बंद केली आहे, पुरवठादाराशी संपर्क साधा. नावाच्या जागी मृत्यूचा दाखला! मी आधीचा ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाशी बोलायला विंडोजला लागणारा छोटा प्रोग्राम, परत टाकला. तीच चिप, तीच केबल, तेच उपकरण, निमूटपणे चालायला लागलं. म्हणजे चिपला काही झालेलं नव्हतं. नव्या ड्रायव्हरमध्ये तिला ओळखून नकार देणारा भाग मुद्दाम लिहिला होता.

चिप कंपन्यांची बाजूही आहे. बाजारात त्यांच्या चिपच्या नकला सर्रास असतात आणि नकलांचा फुकटचा भार त्यांनी का वाहावा? पण अडॅप्टरची चिप प्लास्टिकच्या टोपणात बंद असते. ती खरी की नकली, हे केबल विकत घेणाऱ्याला कळायला काही मार्ग नसतो. २०१४ मध्ये एफटीडीआय या कंपनीचा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपचा ओळख-क्रमांकच शून्य करून टाकला. त्यानंतर ती चिप दुसऱ्या संगणकालाही नेहमीसारखी ओळखू येईना. बोंबाबोंब झाली तेव्हा तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. नक्कल कुणी केली आणि केबल कुणाची मेली, याचा काही मेळ होता का?

आणि एक गोष्ट, जी संगणक उघडून बघणाऱ्यालाच दिसते. सीरियल पोर्ट ‘गेला’ असं आपण म्हणतो, पण कितीतरी नव्या मदरबोर्डांवर तो आत अजून आहे. बाहेर नऊ पिनांचं तोंड नाही एवढंच. बोर्डच्या कडेला बारीक अक्षरांत ‘कॉम’ लिहिलेलं असतं, त्याशेजारी दोन ओळींत दहा पिनांची जागा आणि त्यातली एक पिन मुद्दाम गाळलेली. तिथून मागच्या पट्टीपर्यंत एक चपटी केबल आणली की खराखुरा पोर्ट तयार, पत्त्यासकट! फक्त या केबलमध्ये तारा जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. चुकीची मिळाली तर पोर्ट दिसतो पण बोलत नाही, म्हणून आधी मल्टिमीटरने पिनांचा क्रम तपासायचा. मेजावरचा साधा संगणक घेणाऱ्यांनी ‘पोर्ट नाही’ म्हणून हात टेकण्याआधी बोर्डची पुस्तिका एकदा उघडावी. लॅपटॉपवाल्यांना मात्र ही वाट बंद आहे.

हे फक्त प्रयोगशाळांचं दुखणं नाही. घरोघरी कपाटावर धूळ खात पडलेला स्कॅनर आठवा. काच स्वच्छ, दिवा लागतो, मोटर सरकते. पण त्याचा ड्रायव्हर ३२ बिटांचा होता. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये तो चालत नाही, विंडोज ११ तर ३२ बिटांत मिळतच नाही, आणि कंपनीने नवा ड्रायव्हर लिहिला नाही. असे कितीतरी स्कॅनर लिनक्सवर आजही चालतात, कारण तिथे कुणीतरी फावल्या वेळात त्यांची भाषा उलगडून सेन या प्रकल्पात ड्रायव्हर लिहून ठेवलाय. फायरवायरचंही तेच. ॲपलनेच पुढे आणलेला हा पोर्ट १९९५ मध्ये आयईईई १३९४ म्हणून प्रमाणित झाला, चित्रफितींच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या कामाला पुष्कळांनी वर्षानुवर्षं वापरला. २०२५ मध्ये आलेल्या मॅकओएस २६ मधून ॲपलने त्याचा सपोर्ट काढून टाकला. लिनक्समध्ये मात्र एका देखभालकर्त्याने २०२९ पर्यंत तो सांभाळायचं नियोजन जाहीर केलेलं आहे. जगातली अतिश्रीमंत कंपनी सोडून देते आणि एक माणूस सांभाळतो. यावरून काम किती अवघड आहे त्याचा अंदाज यावा.

मी जुन्याची आरती ओवाळणारी नाही. सीरियल पोर्टच्या काळात वेग, पॅरिटी, स्टॉप बिट हे सगळं दोन्हीकडे हाताने जुळवावं लागे. एक आकडा चुकला की पडद्यावर कचरा. प्रिंटरच्या पॅरलल केबलची जाडी आणि त्या बाजूचे स्क्रू आठवले तरी बोटं दुखतात. १९९६ मध्ये यूएसबी आलं ते आमच्यासारख्यांच्या भल्यासाठीच आलं, आणि १९९८ च्या आयमॅकने फ्लॉपी आणि जुने पोर्ट एकदम काढून टाकले तेव्हा कुणीतरी सुरुवात करायलाच हवी होती. पोर्ट बदलावेत. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. संगणकाचं आयुष्य चार-पाच वर्षांचं धरून निर्णय होतात आणि त्याला जोडलेल्या वस्तूचं आयुष्य वीस-तीस वर्षांचं असतं. या दोन आयुष्यांमधली दरी भरायचं काम आपोआप वापरणाऱ्याच्या गळ्यात पडतं, आणि हे त्याला खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही.

‘कायमचा सपोर्ट कुणालाच परवडत नाही’ हे उत्तर तर तोंडपाठ झालंय. परवडण्याचं काय असतं ते विंडोज १० मध्येच बघा. सर्वसामान्य आवृत्तीचा सपोर्ट २०२५ मध्ये संपला. पण उपकरणांत बसवण्यासाठी विकली जाणारी विंडोज १० आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१ ही आवृत्ती आहे, तिला जानेवारी २०३२ पर्यंत सुरक्षेची अपडेटं मिळणार आहेत. कंपन्यांना साध्या आवृत्तीसाठीही जास्तीत जास्त तीन वर्षं अपडेटं विकत घेता येतात, पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर आणि पुढे दर वर्षी दुप्पट. म्हणजे दुरुस्त्या लिहिल्या जाणारच आहेत. आपल्यापर्यंत त्या पोचवायच्या की नाही, एवढाच प्रश्न आहे. कॅनालिस या संस्थेने २०२३ मध्ये अंदाज केला होता की सुमारे २४ कोटी संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत म्हणून निकालात निघू शकतात. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही किंवा प्रोसेसर यादीत नाही, एवढंच त्यांचं पाप. संयुक्त राष्ट्रांच्या ई-कचरा अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६२ अब्ज किलो ई-कचरा झाला, आणि रीतसर गोळा करून पुनर्वापरात गेल्याची नोंद त्यातल्या २२.३ टक्क्यांचीच.

मग जुनाच संगणक जुन्याच कार्यप्रणालीवर चालू ठेवावा, तर नेटवर्कला जोडायची सोय नाही. मे २०१७ मध्ये फायली अडवून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या व्हायरसने धुमाकूळ घातला तेव्हा मायक्रोसॉफ्टला विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती द्यावी लागली होती, तीही एक्सपीचा सपोर्ट संपून तीन वर्षं उलटल्यावर. म्हणून आमचा तो संगणक एकटा ठेवलाय. निकाल पेनड्राइव्हवर न्यायचे, आणि तो पेनड्राइव्ह आधी दुसरीकडे तपासून मगच त्याला लावायचा. नवीन मुलांना हे सगळं सोवळं-ओवळं वाटतं. वाटू दे.

निकालांवरून आठवलं. पोर्ट जातो तेव्हा यंत्र अडतं, सॉफ्टवेअर जातं तेव्हा गेल्या कित्येक वर्षांच्या नोंदी अडतात. आमच्या यंत्राच्या निकालांच्या फायली त्याच सॉफ्टवेअरला वाचता येतात. त्यातून साधा मजकूर बाहेर काढायची सोय आहे, पण एका वेळी एका चाचणीची, प्रत्येकदा पाच ठिकाणी क्लिक करून. एक प्रशिक्षणार्थी मुलगी जेवणाच्या सुट्टीनंतर रोज तेवढंच करत बसायची. तिच्या शिक्षणाचा असा उपयोग व्हावा, याचं मला आजही वाईट वाटतं.

उलट बाजूचं एक उदाहरण सांगते. आमच्याकडे एक वजनकाटा आहे, ताणाच्या यंत्राहूनही जुना. त्याच्या पुस्तिकेच्या शेवटी चार पानांचं परिशिष्ट आहे. कुठल्या पिनेवर काय, वेग किती, वजन मागायला कुठलं अक्षर पाठवायचं, उत्तरात कितव्या जागी चिन्ह, कितव्या जागी दशांश, सगळं छापलेलं. त्या काट्याचं मूळ सॉफ्टवेअर केव्हाच कालबाह्य झालं. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने ती चार पानं समोर ठेवून पायथनमध्ये छोटासा प्रोग्राम लिहिला आणि काटा थेट तक्त्यात वजनं टाकायला लागला. कंपनीला फोन नाही, परवाना नाही, नवा काटा नाही. अलीकडे घेतलेल्या उपकरणांच्या पुस्तिका चकचकीत असतात, अनेक भाषांत सुरक्षेच्या सूचना असतात. ती चार पानं मात्र नसतात. मागितली तर ‘ती आमची गोपनीय माहिती आहे’ म्हणतात.

तेव्हा माझी मागणी एवढीच आहे की जोडायची कुठलीही वस्तू विकताना तिचा ड्रायव्हर अमुक तारखेपर्यंत देऊ, हे बिलावर किंवा खोक्यावर छापावं. ती तारीख उलटून कंपनीने हात वर केले, की उपकरणाशी बोलायची भाषा, म्हणजे ती चार पानं, सगळ्यांसाठी खुली करावीत. ज्या वस्तूतून तिला आता एक छदाम मिळवायचा नाही, तिची भाषा कुलुपात ठेवून कंपनी काय राखते? हे काही आकाशातून चंद्र मागणं नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या स्मार्टफोनना, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं कार्यप्रणालीची अपडेटं देणं आणि महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षं उपलब्ध ठेवणं बंधनकारक झालंय. खिशातल्या फोनला जो न्याय, तो स्कॅनरला, मापक यंत्राला, रुग्णालयातल्या तपासणीच्या उपकरणाला का नको? ती तर फोनपेक्षा कितीतरी जास्त वर्षं राबतात.

कायदा येईल तेव्हा येईल. आम्ही आमच्या खरेदीच्या अटींत दोन ओळी घालायला सुरुवात केलीय: सपोर्टची शेवटची तारीख लेखी द्या, आणि पोर्टवरच्या आज्ञांची यादी पुस्तिकेसोबत द्या. काही विक्रेते मुकाट्याने देतात, म्हणजे त्यांच्याकडे ती तयारच असते, कुणी मागत नव्हतं इतकंच. काही जण वरिष्ठांना विचारून सांगतो म्हणतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. त्यांचं न फिरकणंही आम्ही उत्तर म्हणून नोंदवून ठेवतो.

आपल्याला एक विनंती. आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर नव्या लॅपटॉपची, प्रिंटरची परीक्षणं येतात. पडदा किती उजळ, बॅटरी किती तास, वजन किती, सगळं असतं. त्या चौकटीत आणखी एक ओळ घाला: ड्रायव्हर आणि अपडेटं कुठल्या तारखेपर्यंत, आणि हे कंपनीने लेखी दिलंय का. विचारूनही कंपनीने सांगितलं नसेल, तर त्या जागी ‘सांगितलं नाही’ असं छापा.

आपली,
उपकरण देखभाल विभागातली एक वाचक